मेंदूला इजा झालेल्या तरुण मुलांना संशोधनाच्या आखणीत कसं घ्यायचं? (पहिली बैठक फसली आहे)

सायली_ओटी

नमस्कार. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, नऊ वर्षं न्यूरो वॉर्ड आणि ओपीडीत काम करते आहे. आता पीएचडीला नाव घातलंय. विषय आहे अपघातात डोक्याला मार लागून मेंदूला इजा झालेल्या १४ ते २४ वयोगटातल्या मुलामुलींचं पुनर्वसन. एका गटाला डिस्चार्जनंतर सहा महिने थेरपीचा ठरावीक कार्यक्रम द्यायचा, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार चालू ठेवायचे आणि दोघांची तुलना करायची, असा आराखडा होता. छाननी समितीने तो परत पाठवला. शेरा एका ओळीचा: 'ज्यांच्यासाठी हे संशोधन आहे, त्यांचा आखणीत सहभाग काय?'

वाचून आधी राग आला. मी रोज याच मुलांमध्ये असते, मला माहीत नाही असं काय आहे, असं वाटलं. मग सहा जणांना बोलावून बैठक घेतली. ती इतकी वाईट झाली की दोन रात्री झोप लागली नाही.

अकरा पानी माहितीपत्रक आधी पाठवलं होतं, ते कुणीच वाचलं नव्हतं. दोन तासांची वेळ ठेवली होती, प्रोजेक्टर, बावीस स्लाइड. चार मुलं आईबरोबर आली. पहिला अर्धा तास फक्त आयाच बोलल्या. मी मुलाकडे बघून विचारायचे आणि त्याचं तोंड उघडायच्या आत आईने वाक्य पूर्ण केलेलं असायचं. सतरा वर्षांची एक मुलगी माझ्या प्रत्येक वाक्याला 'हो, चांगलं आहे' म्हणत होती. चाळीसेक मिनिटांनी एका मुलाने टेबलावर डोकं टेकलं ते शेवटपर्यंत उचललं नाही. मला वाटलं कंटाळला. आणि निघताना दारात एक जण म्हणाला, "मॅडम, सगळं ठरलेलंच आहे ना? मग आम्ही काय सांगायचं?"

त्याचं बरोबर होतं. सगळं ठरलेलंच होतं.

यांना कुठल्या टप्प्यावर बोलवायला हवं होतं? बैठक कशी घ्यायची? आणि एक प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारते. माझे गाईड म्हणतात की या इजेत स्वतःच्या अडचणीची जाणच कमी होते, स्मरणशक्तीवर परिणाम असतो, मग त्यांच्या मतावर संशोधन कसं उभं करणार? मला हे पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. कुणी अशा गटात काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

—

आकडेमोड

मी संख्याशास्त्राचा माणूस, त्यामुळे माझ्या बाजूचं तेवढं सांगतो. तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय असं वाटतं. ज्यांची माहिती तुम्ही गोळा करणार ते सहभागी, आणि जे तुमच्या शेजारी बसून अभ्यास कसा करायचा हे ठरवणार ते सल्लागार. सल्लागार म्हणजे तुमचा नमुना नव्हे, त्यामुळे सहाच का, सगळ्या प्रकारचे का नाहीत, या चिंतेत पडू नका. मात्र शक्यतो त्याच मुलांना पुढे चाचणीत घेऊ नका. आतली रचना माहीत असलेला माणूस प्रश्नावली वेगळ्या नजरेने भरतो.

दुसरं, पहिल्या दिवसापासून वही ठेवा. कुणी काय सुचवलं, त्याने आराखड्यात काय बदललं, काय बदललं नाही आणि का. अशा सहभागाचा वृत्तांत कसा लिहावा याची ग्रिप-टू नावाची यादी २०१७ साली प्रसिद्ध झाली आहे. शोधनिबंध लिहिताना ती लागेल, आणि तेव्हा आठवून काही लिहिता येत नाही.

—

मधुरा_पुन्हा

सायलीताई, टेबलावर डोकं ठेवलेला मुलगा कंटाळला नव्हता. हे आधी लिहिते, बाकीचं नंतर. आपला मेंदू भरून जातो. डोळ्यांमागे जड होतं, समोरच्याचे शब्द नुसते आवाज होतात, आणि त्या क्षणी डोकं टेकवणं सोडून दुसरं काही करता येत नाही. तो चाळीस मिनिटं टिकला म्हणजे त्याला खरंच यायचं होतं.

मी सोळा वर्षांची असताना दुचाकीवर मागे बसले होते. हेल्मेट नव्हतं. नऊ दिवस बेशुद्ध होते. फाइलवर ग्लासगो कोमा स्केल ६ लिहिलं आहे. माणूस किती शुद्धीत आहे हे बघणारी ही मोजपट्टी १९७४ साली टीसडेल आणि जेनेट या दोघांनी ग्लासगोत बनवली. गुण ३ ते १५, आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा. मला हे पाठ आहे, कारण माझ्या आयुष्यातले ते नऊ दिवस मला फक्त त्या फाइलमधूनच माहीत आहेत. आता मी तेवीस वर्षांची आहे.

त्याच फाइलच्या शेवटच्या पानावर दुसरी मोजपट्टी आहे, १९७५ ची, ग्लासगो आउटकम स्केल. तिच्यात पाचच घरं. पहिलं घर मृत्यूचं आणि शेवटचं 'गुड रिकव्हरी'. माझ्या शेवटच्या घरात बरोबरची खूण आहे. ज्या महिन्यात ती खूण झाली, त्या महिन्यात मी तीन तास वर्गात बसून घरी आले की बूटही न काढता जमिनीवर आडवी व्हायचे. पाच मैत्रिणींपैकी एकीचेच फोन येत होते. खूण चुकीची नव्हती. मी चालत होते, बोलत होते, परत शिकायला लागले होते. जीव वाचला का, माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिला का, हे बघायला ती पट्टी केलेली आहे आणि ते ती बघते. पण गेलेल्या चार मैत्रिणी त्या पाच घरांपैकी कुठल्याच घरात बसत नाहीत.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: काय मोजायचं हे ठरायच्या आधी बोलवा. थेरपी कशी द्यायची हे तुम्हाला येतं. ती लागू पडली हे कशावरून म्हणायचं, ते आम्हाला विचारा.

दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका सल्लागार गटात होते. आम्ही आठ जण, वय पंधरा ते चोवीस. चौदा महिन्यांत अकरा बैठका झाल्या. पहिल्या बैठकीला संशोधकांनी प्रश्नावली आणली होती. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात एकच: 'मागच्या चार आठवड्यांत तुम्हाला किती वेळा…'. आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलाने कागद बराच वेळ बघितला आणि विचारलं, "पण मागचे चार आठवडे आठवायचे कसे?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. चार शिकलेली माणसं होती तिथे, वर्षानुवर्षं हे काम करणारी. स्मरणशक्ती गेलेल्या मुलांना ते महिन्याभराचं स्मरण विचारत होते आणि आलेल्या उत्तरांची सरासरी काढत होते. त्या दिवसापासून प्रश्न बदलला. रोज संध्याकाळी फोनवर एकच निरोप, फक्त आजच्याबद्दल, तीन उत्तरं, बोटाने दाबायची. आमच्यातल्या दोघींना फोनची थरथर सहन होत नव्हती, त्यांच्यासाठी उशाशी कागद. आकडेमोड यांनी सांगितली तशी वही असती तर हे पहिल्या पानावर आलं असतं.

तिसऱ्या बैठकीत एक जण म्हणाला, "सगळे हसून झाले की मला विनोद कळतो." आम्ही सगळ्यांनी एकदमच माना हलवल्या. चाचण्यांमध्ये याला माहिती प्रक्रियेचा वेग म्हणतात, आणि तो संगणकावर मिलिसेकंदात मोजतात. पण तो विनोद कळायला लागणारे चार सेकंद म्हणजे कट्ट्यावरची आपली जागा जाणं, हे त्याच्या वाक्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसतं. संशोधनाचा मुख्य प्रश्न शेवटी त्यातूनच निघाला: 'चार-पाच जण बोलत असताना आज तुम्हाला त्या बोलण्यात राहता आलं का?' पावलं मोजणं, बोटांची ताकद मोजणं दुय्यम झालं. टाकून दिलं नाही, दुय्यम झालं.

आणि एक शब्द होता. माहितीपत्रकावर लिहिलं होतं 'पूर्ववत होण्यासाठी मदत'. आम्ही तो सरळ खोडायला लावला. गेली सात वर्षं मला भेटणारं प्रत्येक माणूस विचारतं, "झालीस का गं पूर्वीसारखी?" सोळा वर्षांची मुलगी तशीही तेविसाव्या वर्षी पूर्वीसारखी नसते. मला पूर्वीची मी नकोय, मला आजच्या मला जमेल असं कॉलेज हवंय. त्या जागी आम्ही लिहिलं: 'तुम्हाला जे करायचं आहे ते करता यावं यासाठी.' ज्यांनी पत्रक बनवलं होतं त्यांना पहिल्यांदा वाईट वाटलं. मग त्यांनीच विचारलं की आणखी कुठले शब्द बोचतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इथे माझं काम आहे.

आता बैठक. आमच्या बैठका पंचेचाळीस मिनिटांच्या असायच्या, मधे विसाव्या मिनिटाला दहा मिनिटं सुट्टी, आणि ती सुट्टी चर्चा रंगली तरी व्हायचीच. खोली तीच, खुर्च्या त्याच. ट्यूबलाइट बंद, खिडकीचा उजेड. प्रत्येकासमोर एक कार्ड, एका बाजूने हिरवं, दुसऱ्या बाजूने पिवळं. पिवळं वर केलं की त्या माणसाला काही विचारायचं नाही आणि का म्हणूनही विचारायचं नाही. सुरुवातीला मला ते कार्ड उलटायची लाज वाटायची. मग एकदा गटाच्या ताईंनी स्वतःचं पिवळं केलं, त्यांचं डोकं दुखत होतं. त्यानंतर मला कधी काही वाटलं नाही.

तीन दिवस आधी एका पानावर मोठ्या अक्षरात विषय यायचा, एकच विषय, आणि सोबत तोच मजकूर आवाजात. बैठक सुरू झाली की आधी मागच्या वेळचा फोटो दाखवायचे: कोण कुठे बसलं होतं, काय ठरलं होतं. माझ्यासारखीला त्या फोटोशिवाय मागची बैठक सापडतच नाही. प्रश्न विचारल्यावर ताई गप्प बसायच्या, मनात दहा आकडे मोजायच्या. दहा सेकंदांची शांतता फार मोठी वाटते, पण आमचं उत्तर सहसा सातव्या-आठव्या आकड्याला येतं. आणि बैठक संपली की दोन दिवस व्हॉइस मेसेजची मुभा. गटातल्या सगळ्यात चांगल्या सूचना रात्री अंथरुणात पडल्यावर आलेल्या आहेत.

तुमच्या गाईडचा मुद्दा राहिला. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. इजेनंतर काही काळ मीही सांगायचे की मला काहीच झालेलं नाही, आणि मला ते खरंच तसं वाटायचं. पण जाण कमी असणं म्हणजे अनुभव नसणं नव्हे. माझं नियोजन कितपत चालतं हे मला विचारलंत तर मी चुकेन, आईला विचारा. पण ट्यूबलाइटखाली काय होतं, थेरपीच्या खोलीतून बाहेर पडताना काय वाटतं, कुठला प्रश्न लाजिरवाणा आहे, हे आईला विचारलंत तर ती चुकेल. आमच्या गटात एकच यादी मुलांनी आणि पालकांनी वेगवेगळी भरली. पालकांच्या यादीत सगळ्यात वर होता राग. आमच्या यादीत सगळ्यात वर होता थकवा. मग आम्ही एकत्र बसून बघितलं की राग कुठल्या वेळी येतो. तो थकल्यावर येत होता. एकच यादी घेतली असती तर संशोधन रागावर औषध शोधत बसलं असतं.

भिंतीवर आमच्या ताईंनी चार शब्द लावले होते: जागा, आवाज, श्रोता, प्रभाव. बेलफास्टच्या लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये ते मांडले. १९८९ च्या बालहक्क करारात कलम १२ आहे, मुलांना त्यांच्याशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा आणि त्या मताची दखल घेतली जाण्याचा हक्क. ते प्रत्यक्षात पाळायचं तर काय काय लागतं, हे त्या चार शब्दांत आहे. तुमच्या बैठकीत जागा होती. आवाजाला सवड नव्हती. आणि प्रभावाचं तर दारात उभ्या राहिलेल्या मुलाने तुम्हाला सांगितलंच. त्याला परत बोलवा. तो सगळ्यात कामाचा माणूस आहे.

हे लिहायला मला तीन दिवस लागले, तुकड्यातुकड्याने. काही दोनदा लिहिलं गेलं असेल तर समजून घ्या.

—

अथर्वची_आई

सायलीताई, वाक्य पूर्ण करणाऱ्या आयांपैकी मी एक आहे, तुमच्या बैठकीत नसले तरी. आमची बाजूही ऐका.

मुलगा आयसीयूत असताना सगळे मलाच विचारायचे. ॲलर्जी आहे का, आधी फिट आली होती का, सही कुठे करणार. मग वॉर्डात, मग ओपीडीत. दीड वर्ष त्याच्या वतीने मीच बोलत होते आणि तेव्हा तेच माझं काम होतं. आता थांबलं तरी चालेल, असं मला कुणी सांगितलंच नाही. मधुरा, तुझं ट्यूबलाइटचं वाचून मी उठून त्याच्या खोलीतला दिवा बदलला. विचारलं तर म्हणाला, "हो, त्रास होतो." चार वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

म्हणून आयांना नुसतं बाहेर बसवू नका. शेजारच्या खोलीत बसवा आणि आमचं वेगळं काम द्या. रात्री काय होतं, धाकटीवर काय परिणाम झाला, शाळेने काय सांगितलं, हे आम्हालाच माहीत असतं. आमचं ऐकून घेणारं कुणी दुसऱ्या खोलीत आहे म्हटल्यावर आम्ही पहिल्या खोलीतून आपोआप उठतो.

आणखी एक, तुमचे सहा महिने फार कमी आहेत. अथर्व नऊ वर्षांचा असताना पडला. तेव्हा सगळे म्हणाले, वय लहान आहे, मेंदू भरून काढेल. तीन वर्षं खरंच सगळं छान होतं. आठवीत गेला आणि एकदम कोसळला. सहा विषयांच्या वह्या, प्रोजेक्ट, वेळापत्रक, काहीच जमेना. नंतर न्यूरोसायकॉलॉजिस्टनी समजावलं की लहान मेंदू सहज सावरतो ही समजूत जुनी आहे, १९३० च्या दशकात मार्गारेट केनर्ड यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांवरून रूढ झालेली, आणि ती प्रत्येक इजेला लागू होत नाही. नियोजनाचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. तिथली इजा आधी दिसत नाही, ते काम अंगावर पडलं की दिसते. तुमचा अभ्यास सहाव्या महिन्यात संपला असता तर माझा मुलगा 'बरा झालेल्यां'मध्ये मोजला गेला असता.

—

निखिल१९

आवाजाने लिहितोय. मला शब्द उशिरा येतात. पण येतात.

बोलता येत नाही त्यांनाही बोलवा. मला पहिल्या वर्षी बोलता येत नव्हतं. कळत सगळं होतं. स्पीच थेरपिस्टकडे चित्रांची कार्डं होती. तीन ढीग. हवं, नको, माहीत नाही. मी कार्ड उचलून ढिगात ठेवायचो. माहीत नाही हा ढीग लागतोच. तो नसला की मी हवंमध्ये टाकायचो. लवकर संपावं म्हणून.

ती सतरा वर्षांची मुलगी. सगळ्याला हो म्हणणारी. तिला दोन गोष्टी द्या. हे का ते. हो-नाही विचारू नका.

पैसे द्या. यायला आईला सुट्टी घ्यावी लागते. दुसरा दिवस पूर्ण झोपून जातो माझा. त्या दिवसाचेही धरा.

नाव छापा. ज्याला हवं त्याचं. मला हवं.

—

सायली_ओटी

तुम्हा सगळ्यांचं वाचून मी बराच वेळ काही लिहूच शकले नाही. मधुरा, तीन दिवस दिलेस, त्याबद्दल मनापासून आभार. निखिल, 'माहीत नाही' हा ढीग मी माझ्या प्रत्येक प्रश्नावलीत घालणार आहे. काकू, दिव्याचं वाचून रडू आलं.

आराखडा मी मागे घेतलाय. गाईडना मधुराचा यादीचा परिच्छेद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी तो छापून मागितला.

एका गोष्टीत अडकले आहे. दारात बोललेल्या मुलाला फोन केला. तो यायला तयार आहे, पण त्याने पहिलाच प्रश्न केला की दुसऱ्या गटातल्या मुलांना सहा महिने काय मिळणार. मी म्हटलं, नेहमीचे उपचार. तो म्हणाला, "डिस्चार्जनंतर नेहमीचे उपचार म्हणजे काहीच नाही. कोण येईल काहीच न मिळवायला?" आकडेमोड, यावर काही करता येईल का?

—

आकडेमोड

येईल. प्रतीक्षा यादीची रचना करा. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना आता थेरपी, निम्म्यांना सहा महिन्यांनी. तोपर्यंत दुसरा गट तुलनेला उपलब्ध राहतो आणि शेवटी थेरपी सगळ्यांना मिळते. मुलं टिकण्याची शक्यताही वाढते. किंमत एक आहे, ती लपवू नका: सहा महिन्यांनंतर तुलनेला कुणी उरत नाही, सगळ्यांना थेरपी मिळालेली असते. म्हणजे अथर्वच्या आईंनी सांगितलेला उशिरा दिसणारा परिणाम या रचनेत थेरपीशी जोडता येणार नाही. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि एका अभ्यासात दोन्ही बसत नाहीत. कुठली निवडायची हे मी सांगणार नाही, तुमच्या गटापुढे ठेवा. चिठ्ठी टाकणं म्हणजे काय हे मात्र त्यांना खरोखर चिठ्ठ्या टाकून दाखवा. मी माझ्या विद्यार्थ्यांना तसंच शिकवतो.

—

मधुरा_पुन्हा

ताई, याच्यावरच एक पूर्ण बैठक ठेवा, दुसरं काही नको. दोन खोक्यांवर लिहा: 'सगळ्यांना मिळेल' आणि 'पुढे काय होतं ते कळेल'. आम्हाला असा तिढा दिला की आम्ही नीट विचार करतो. आमच्यापासून लपवला की कळतं, आणि मग परत यावंसं वाटत नाही.

—

सायली_ओटी

पाच आठवड्यांनी लिहिते आहे.

दुसरी बैठक झाली. सहापैकी पाच आले. विसाव्या मिनिटाला सुट्टी, पडदे उघडे, प्रोजेक्टर नाही. चार आया शेजारच्या खोलीत माझ्या सहकारी थेरपिस्टबरोबर होत्या, आणि त्यांची बैठक आमच्यापेक्षा जास्त वेळ चालली. मी दहा आकडे मोजले. पहिल्यांदा नवव्याला उत्तर आलं. टेबलावर डोकं ठेवणाऱ्या मुलाने दोनदा कार्ड पिवळं केलं आणि दोन्ही वेळा परत हिरवं केलं. दारातल्या मुलाने चिठ्ठ्या स्वतः टाकल्या. तीन जणांनी 'सगळ्यांना मिळेल' निवडलं, दोघांनी 'पुढे काय होतं ते कळेल'. सगळ्याला हो म्हणणारी मुलगी त्या दोघांपैकी एक. तिने कारणही दिलं: "मला पुढचीच भीती वाटते."

प्रतीक्षा यादी घेतोय. तिच्या वाक्यामुळे सगळ्या मुलांना दोन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी भेटायचंही ठरवलंय. तुलना नसली तरी कोण कधी अडखळतं ते तरी लिहून ठेवू.

दोन दिवसांनी रात्री साडेअकराला पिवळ्या कार्डवाल्या मुलाचा व्हॉइस मेसेज आला. थेरपी त्यांच्या शाळेत घेता येईल का, म्हणजे मित्रांसमोरच सराव होईल. कल्पना उत्तम आहे. पण माझ्या हातात जेवढी माणसं आणि जेवढा निधी आहे, त्यात ते या वेळी शक्य नाही. मधुरा, त्याला काय सांगू?

—

मधुरा_पुन्हा

आजच फोन करा. मेसेज नको, फोन. या वेळी नाही असं सांगा, का नाही तेही सांगा, आणि त्याची सूचना तारीख घालून वहीत लिहिली आहे हे सांगा. आमच्या एका सूचनेचं चार महिने काहीच कळलं नव्हतं. नकार आला असता तर चाललं असतं.

—

सायली_ओटी

आत्ताच बोलले. बराच वेळ गप्प होता, मी आकडे मोजत थांबले. मग म्हणाला, "बरं. पण वहीत माझं नाव लिहा. आणि पुढच्या अभ्यासाला शाळेपासून सुरुवात करा."